दोन ओळींचे पत्र

माझ्या सत्काराच्या स्मरणिकेत सोळाव्या पानावर जे छापले आहे ते खोटे आहे. तिथे असे म्हटले आहे की, गिरणी संपाच्या काळात मी लालबागच्या एका चाळीत एका निरक्षर कामगार बाईच्या पुढ्यात जाऊन बसलो, ती बोलत गेली, मी लिहीत गेलो, आणि त्यातून मराठीतले एक अस्सल पुस्तक जन्माला आले. हा मजकूर लिहिणारे गृहस्थ तेव्हा नोकरीनिमित्त नागपुरात होते. त्यांनी ना ती चाळ पाहिली, ना ती बाई. आणि त्यांचा लेख वाचून मला दाट संशय आहे की पुस्तकही त्यांनी पहिल्या वीस पानांपलीकडे वाचलेले नाही.

दुसरी कथा माझ्या एका समीक्षक मित्राची. तो सांगत असतो की प्रकाशनाच्या दिवशी बाई इतक्या गहिवरल्या की त्यांना आपलेच पुस्तक वाचता येईना. तिसरी कथा एका तरुण संशोधक बाईंची. त्यांच्या मते, त्या काळचे प्रकाशक कष्टकऱ्यांची भाषा घासूनपुसून पुणेरी करून घेत; मी तेवढा अपवाद. तिन्ही कथांत मी चांगला आहे. उभे आयुष्य मी माझ्यावरच्या आरोपांशी भांडण्यात घालवले; आता पंच्याऐंशीव्या वर्षी मला माझ्या स्तुतीशी भांडायचे आहे, आणि या भांडणात माझ्या बाजूने उभे राहायला कोणी तयार नाही.

जे माझे आहे ते मी सोडणार नाही, हेही आधीच सांगतो. गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून मी सुरुवात केली आणि बारा वर्षांनी त्याच गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, स्वतःचे प्रकाशन काढले. साहित्य म्हणजे शिकलेल्या घरांतले पुरुष एकमेकांसाठी जे लिहितात ते, अशी तेव्हा समजूत होती. ती मोडण्यासाठी मी कोळीवाड्यातल्या बायकांची लग्नातली गाणी छापली. एका अंध शिक्षकाची आठवणींची वही छापली. जे लेखक कोणत्याही संमेलनाच्या मांडवात शिरले नसते त्यांना मी मुखपृष्ठावर आणले, आणि त्यासाठी दिवाणखान्यांतून माझी जी टिंगल झाली ती मी ताठ मानेने सोसली. ही पुस्तके अजूनही माझ्यापुरती तरी निष्कलंक आहेत. मला बोलायचे आहे ते एका पुस्तकाबद्दल. आणि लोक मला ओळखतात ते नेमके त्याच पुस्तकामुळे.

संप सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते. लालबागच्या एका चाळीत, गावकरी मंडळाच्या खोलीत, मी दर शनिवारी संध्याकाळी संपकऱ्यांची लेखनसभा घेत असे. कोणी कविता वाची, कोणी पुढाऱ्यांच्या नकला करी. एका शनिवारी सभा संपल्यावर एक बाई पुढे आल्या. पस्तिशीच्या, कडक इस्त्रीचे पातळ नेसलेल्या. गिरणीत वायंडिंग खात्यात होत्या. म्हणजे फिरत्या बॉबिनीवरचा तुटलेला धागा पकडून त्याला गाठ मारायची आणि यंत्र थांबू द्यायचे नाही, हे त्यांचे काम. त्यांनी कापडी पिशवीतून एक जाड वही काढली.

"वाचून बघा," त्या म्हणाल्या. "आवडली नाही तरी परत द्या. एकच प्रत आहे."

वही मी त्याच रात्री वाचली असे मी पुढे मुलाखतींतून सांगत आलो. खरे तर ती आठ दिवस पडून होती. वाचली तेव्हा मात्र मी थक्क झालो. वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही, आणि भाषा अशी की आमच्या मासिकांतल्या भल्याभल्यांनी मान खाली घालावी. पहिल्या पानावरचे वाक्य मला आजही पाठ आहे: "संपाच्या पहिल्या सोमवारी भोंगा वाजला नाही; तरीही चाळीतल्या सगळ्या बायका ठरलेल्या वेळी उठल्या आणि त्यांनी डबे भरले. भरलेल्या डब्यांचे काय करायचे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते."

बाई देवगडकडच्या. वडील गावच्या शाळेत मास्तर. सातवीपर्यंत शिकल्या, मग लग्न होऊन मुंबईला आल्या, आणि चाळीतल्या मोफत वाचनालयातली सगळी कपाटे त्यांनी वाचून संपवली होती. मी त्यांना विचारले, "इतकी सफाईदार वाक्यं कशी हो लिहिता?"

त्या हसल्या. "आमच्या खात्यात गाठ दिसली तर मुकादम ओरडतो, साहेब. सवय लागते."

इथे माझ्या लाजेची सुरुवात होते. एखाद्या प्रामाणिक माणसाने ती वही जशीच्या तशी छापखान्यात पाठवली असती. मी मात्र अस्वस्थ झालो. मला वाटले, हे कोणी खरे मानणार नाही. दादरचे माझे मित्र विचारतील, "कुणाकडून लिहून घेतलंस?" गिरणीतली बाई म्हटल्यावर वाचकाला गिरणीतली बाई दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे. वहीतली बाई एखाद्या मुख्याध्यापिकेसारखी बोलत होती. मी त्यांना म्हणालो, "बाई, तुम्ही घरी बोलता तसं का नाही लिहीत? तुमच्या मालवणीत? त्यात जिवंतपणा असतो."

त्या म्हणाल्या, "घरी मी सासूशी बोलते, साहेब. कागदावर चारचौघांशी बोलायचं. कामावर जायचं लुगडं वेगळं, लग्नाला जायचं वेगळं. लग्नाला कामाच्या लुगड्यात गेले, तर यजमान म्हणतील का की बाई फार जिवंत दिसते?"

उत्तर बिनतोड होते. मी मान डोलावली आणि मला हवे तेच करायचे ठरवले.

त्यानंतर महिन्याभरात, संप संपण्याचे चिन्ह दिसेना तेव्हा, गिरणगावातल्या हजारो कुटुंबांसारख्या बाईही मुलीला घेऊन गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "छापायच्या आधी एकदा दाखवा." मी हो म्हणालो. मग चार महिने बसून मी ती वही माझ्या हाताने पुन्हा लिहून काढली. प्रसंग त्यांचे, माणसे त्यांची, मांडणी त्यांची. फक्त भाषा 'अस्सल' केली. वर दिलेल्या वाक्याचे मी काय केले तेही इथे छापले जाऊ द्या: "भोंगा काय वाजला न्हाय बगा. पन आमी बाया उटलो, डबं बी भरलं. आता ह्या डब्यांचा काय करूचा, माका काय ठावं!"

ही भाषा मी आणली कुठून? आमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई साताऱ्याची होती. नाक्यावरच्या उपाहारगृहातला पोऱ्या मालवणचा होता. उरलेले मी कामगार नाटकांतून उचलले. गिरगावातल्या तळमजल्यावर बसून मी एक बोली तयार केली आणि तिला लोकांची भाषा म्हटले.

हे ओळखणारा पहिला माणूस आमचा कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची त्याची पद्धत अशी, की जुळवताना तो ओठांतल्या ओठांत मजकूर वाचत असे. स्वतः कणकवलीचा. तिसऱ्या दिवशी तो हातात माझी पाने घेऊन आला.

"साहेब, ही बाई मूळची खयची?"

"देवगडची."

"मग तिच्या तोंडात हां 'बगा' नि 'बी' साताऱ्यासून चलत इलां की काय? आमच्यात अशा कोण बोलणत नाय. साताऱ्यातही कोण बोलत नसतला."

"तू जुळव," मी म्हणालो. "साहित्यातली बोली वेगळी असते."

"तां खरां," तो म्हणाला. "बोलणाऱ्याचो घसो नि लिवणाऱ्याची बोली." आणि आपल्या खिळ्यांच्या खणांकडे परत गेला. पुढे छापखान्यात कोणी चुकीचा चहा आणला की तो म्हणे, "हो साहित्यातलो चाय दिसता." सगळे हसत. मीही हसत असे.

बाईंना तपासायला मुद्रिते पाठवली नाहीत. पत्ता माझ्याकडे होता. टपाल वेळेवर पोहोचत नाही, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे कारण एवढेच होते की त्या नाही म्हणतील हे मला माहीत होते.

प्रकाशन दादरला झाले. सभागृह भरलेले. संप तोवर कोणी मागे न घेताच विरून गेला होता. बाईंच्या गिरणीचा दरवाजा उघडलाच नव्हता. त्या त्याच सकाळी गावाहून एस्टीने आल्या. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, मी त्यांच्या हातात पुस्तक दिले. त्यांनी मुखपृष्ठावरचे आपले नाव बोटाने चाचपले, आणि तेवढ्यात सूत्रसंचालकाने त्यांना पुकारले. आमच्या समारंभांत लेखकाने एक पान वाचायची रीत आहे. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या, चष्मा लावला, पहिले पान उघडले.

आणि अडखळल्या.

दुसऱ्या शब्दाला अडखळल्या, चौथ्याला थांबल्या. 'बगा' हा शब्द त्यांनी दोनदा पाहिला. पान उलटून मुखपृष्ठ पाहिले, पुस्तक तेच आहे ना याची खात्री करून घ्यावी तसे. पुन्हा वाचू लागल्या. लहान मूल पहिल्यांदा जोडाक्षरे वाचते तशा. चाळीतले वाचनालय रिकामे करणारी ती बाई एकेक अक्षर लावत होती, कारण तिच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाचे तोंड होते.  मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. एका अर्धशिक्षित कष्टकरी स्त्रीने केवढा मोठा पल्ला गाठला, म्हणून त्या टाळ्या होत्या. मी खुर्ची सोडून त्यांच्यामागे उभा राहिलो आणि माइकला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "सावकाश, बाई, सावकाश. घाई नाही."

माझा समीक्षक मित्र म्हणतो तसे त्या गहिवरल्या नव्हत्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. त्यांचे डोळे कोरडे होते आणि पुस्तक धरलेली बोटे पांढरी पडली होती. खाली उतरल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"ही कोण बाई?"

मी म्हणालो, "बाई, लोकांना किती भावलं बघा."

"लोकांना भावली ती," त्या म्हणाल्या, "मी नाही."

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित मी या सगळ्याला संपादकीय चूक म्हणून मनाच्या एका कोपऱ्यात सरकवून दिले असते. पण पुढे सहा महिन्यांनी, मुंबईत परत राहायला आल्यावर, त्या गिरगावात माझ्याकडे आल्या. परळला एक संस्था बालवाडी चालवत असे. तिथे शिक्षिकेची जागा निघाली होती. गिरणीतल्या बाईला दुसरे काम मिळणे किती अवघड होते ते तेव्हाचे लोक जाणतात. नवरा घरी बसलेला, मुलगी शाळेत. सातवी पास, वाचनाची आवड, मास्तरांची लेक. ही जागा आपल्याला मिळेल असे त्यांना वाटले होते, आणि ते रास्त होते. मुलाखतीच्या टेबलावर संस्थेच्या बाईंनी पुस्तक ठेवलेले होते.

"त्या म्हणाल्या, तुमचं पुस्तक वाचून मी रडले हो," बाईंनी मला सांगितले. "मग म्हणाल्या, पण मुलांच्या कानावर पहिली भाषा शुद्ध पडायला हवी. मी म्हटलं, मी आत्ता बोलतेय ती कुठली आहे? तर दुसऱ्या बाई हसून म्हणाल्या, किती छान पाठ करून आलात!"

माझ्यासमोर त्या उभ्याच होत्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"त्यांनी शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. मला दोन ओळी लिहून द्या. पुस्तकातली भाषा माझी नाही, एवढंच. वही तुमच्याकडे आहे. ती पण द्या, दाखवीन."

तेव्हा दुसरी आवृत्ती छापायला गेली होती. पुस्तक एका मोठ्या पुरस्काराच्या यादीत होते. 'लोकभाषेचा जिवंत आविष्कार' असे परीक्षकांपैकी एकाने मला खासगीत सांगितले होते. दोन ओळी लिहायला दोन मिनिटे लागली असती. मी पेन उचलले, संस्थेच्या नावे पत्र लिहिले, घडी करून त्यांना दिले. त्यांनी ते तिथेच उघडून वाचले. त्यात मी लिहिले होते की या बाई अत्यंत कष्टाळू आहेत, त्यांना संधी मिळावी. आणि त्यांच्या रांगड्या, अस्सल बोलीने मराठी साहित्य समृद्ध केले आहे.

बाईंनी पत्राची पुन्हा घडी घातली, ते माझ्या टेबलावर ठेवले आणि उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवला.

"हे असू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "वही?"

"वही छापखान्यात आहे," मी म्हणालो.

वही माझ्या उजव्या गुडघ्याशी, टेबलाच्या खालच्या खणात होती.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. बाई दादरच्या हिंदमाता बाजारातल्या एका दुकानासाठी घरी बसून साड्यांना फॉल लावू लागल्या, हे मला कंपोझिटरकडून कळले. हे सांगताना तो पहिल्यांदा आणि शेवटचा माझ्याशी शुद्ध मराठीत बोलला. पुस्तकाला पुरस्कार मिळाला. तो घ्यायला बाई आल्या नाहीत. त्यांच्या वतीने मी घेतला, आणि उपेक्षितांच्या आवाजाबद्दल वीस मिनिटे बोललो. ते भाषण बरे होते, असे लोक अजून सांगतात.

इतकी वर्षे मी हे का लपवले, याचे कोणाचे समाधान होईल असे उत्तर मला देता येणार नाही. मी कोळिणींची गाणी छापली होती, अंध शिक्षकाची वही छापली होती. असा माणूस खोटे बोलतो हे मलाच मान्य नव्हते. त्या तरुण संशोधक बाईंना मी सांगू इच्छितो: कष्टकऱ्यांची भाषा धुऊन काढणारे प्रकाशक होते, तुमचे बरोबर आहे. मी त्यांच्यापेक्षा निराळा होतो खरा. धुतलेले, इस्त्री केलेले लुगडे मी चिखलात बुडवले आणि बाईला नेसायला लावले.

सत्कारानंतर नव्या पिढीच्या एका प्रकाशकाने पुस्तकाची विशेष आवृत्ती काढायची ठरवली आणि माझ्याकडे प्रस्तावना मागितली. मी खण उघडला. वहीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, अक्षर तसेच होते. ती घेऊन मी लालबागला गेलो. बाईंच्या चाळीच्या जागी आता मनोरा उभा आहे. अठराव्या मजल्यावर त्यांच्या मुलीने दार उघडले. तिला माझा चेहरा ओळखीचा असावा. आत वळून तिने हाक मारली, "आई, ते पुस्तकवाले आलेत." बसा म्हणाली नाही.

बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती मांडीवर घेतली, उघडली नाही.

"पत्र आणलंत?"

मला आधी कळलेच नाही. मग कळले. मी म्हणालो, "बाई, आता ते कोणाला द्यायचं? ती संस्था कधीच बंद झाली. त्या बाईही राहिल्या नसतील."

"कोणाला द्यायचं ते माझं मी बघीन. तुम्ही लिहा तर."

मी नव्या आवृत्तीबद्दल बोललो. या वेळी वहीतलाच मजकूर, शब्दही न बदलता, असे म्हणालो. त्यांनी चष्मा लावला, पहिले पान उघडले आणि वाचायला सुरुवात केली. भोंगा, सोमवार, भरलेले डबे. आवाज म्हातारा झाला होता, पण कुठे थांबा नाही, कुठे अडखळणे नाही. वाक्यामागून वाक्य, यंत्र न थांबवता गाठ मारत जावे तसे. माझे कान आता नीट चालत नाहीत. दुसऱ्या पानावर मी मागे पडलो आणि नकळत म्हणालो, "जरा सावकाश, बाई."

त्यांनी वर पाहिले. दारात उभी असलेली मुलगी हसली. ते हसू माझ्यासाठी नव्हते.

"सावकाश कशाला?" बाई म्हणाल्या. "माझंच आहे." आणि त्याच वेगाने त्यांनी पान पुरे केले. मग वही मिटून मुलीकडे दिली. आवृत्तीचे त्या विचार करून सांगणार आहेत. मी घाई करण्याचा प्रश्न नाही.

प्रस्तावना मी लिहिणार नाही, असे प्रकाशकाला कळवले आहे. पत्र मात्र त्याच संध्याकाळी लिहिले. एक प्रत टपालाने बाईंना पाठवली; दुसरी इथे देतो, म्हणजे सोळाव्या पानाचा दाखला देणाऱ्यांना हेही पान सापडेल.

"ज्यांच्या हाती हे पत्र पडेल त्यांस: माझ्या प्रकाशनाने छापलेल्या त्या पुस्तकातली भाषा लेखिकेची नाही, ती मी त्यांना न विचारता लिहिली आहे. त्यांची स्वतःची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे आणि मुलांना शिकवण्यास त्या सर्वार्थाने पात्र आहेत."

दोनच ओळी आहेत. लिहायला दोन मिनिटेही लागली नाहीत.